नागरिक होण्याच्या वाटा

१९३० साली भिवंडीत जन्मलेले मूल कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होते. त्याच साली जवळच्या जव्हारमध्ये जन्मलेले मूल मात्र ब्रिटिश प्रजाजन नव्हते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. तिथली रयत राजाची, आणि इंग्रजांच्या दप्तरी ती ‘संरक्षित व्यक्ती’ अशा निराळ्या वर्गात मोडे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी भारताच्या राज्यघटनेतील नागरिकत्वाची कलमे लागू झाली आणि एकोणीस वर्षांचे हे दोघेही तरुण एकाच देशाचे, सारख्या हक्कांचे नागरिक झाले. दोघांनी घर बदलले नव्हते आणि कसला अर्जही केला नव्हता. देशच नवा झाला होता.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत नागरिकत्व असे आपोआप आले. त्यामुळे ते मिळते कसे, जाते कसे आणि परक्या माणसाला ते हवे असेल तर त्याने काय करायचे, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. पण भिवंडी ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याने गेल्या पाऊणशे वर्षांत हा प्रश्न फार जवळून पाहिला आहे. फाळणीनंतर आलेले निर्वासित, सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या सुना, कागदपत्रांविना राहणारी माणसे आणि परदेशी पासपोर्ट घेऊन सुट्टीला घरी येणारी मुले, असे सगळे इथे भेटतात. म्हणून ही वाट नीट समजून घ्यायला हवी.

खाडीपलीकडची छावणी

भिवंडीहून खाडी ओलांडली की कल्याण. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना सरकारने तिथल्या बराकींत जागा दिली. कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याण कॅम्पात, असा त्यांचा प्रवास होता. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या वसाहतीची पायाभरणी झाली. उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर पडले.

या माणसांना भारताचे नागरिक कसे मानायचे? त्यांचे जन्मगाव आता दुसऱ्या देशात होते. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने त्याचे उत्तर दिले. जी व्यक्ती, किंवा जिचे आईवडील अथवा आजीआजोबा यांपैकी कोणी एक, अखंड भारतात जन्मले आहेत आणि जी १९ जुलै १९४८ पूर्वी इकडे येऊन राहिली आहे, ती नागरिक ठरली. त्या तारखेनंतर आलेल्यांना अधिकाऱ्यापुढे नोंदणी करावी लागे आणि अर्जाच्या आधी किमान सहा महिने इथे राहिलेले असावे लागे. १९ जुलै १९४८ ही तारीख निवडण्यामागे कारण होते. त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परवाना लागू झाला होता.

नागरिकत्वाचा कायदा पूर्ण होण्याआधीच पहिल्या निवडणुकीच्या मतदार याद्यांचे काम सुरू झाले होते. निर्वासितांकडे राहण्याचा पुरावा कुठून असणार? म्हणून आपण इथे कायमचे राहणार आहोत, एवढ्या त्यांच्या लेखी निवेदनावर त्यांची नावे यादीत घेण्याच्या सूचना निघाल्या. ज्याने घरदार गमावले आहे त्याच्याकडे घरपट्टीची पावती मागू नये, एवढा समजूतदारपणा त्या काळच्या कारभाराने दाखवला. त्याची आठवण आज मुद्दाम ठेवायला हवी.

आंबेडकर आणि पंजाबराव

घटना समितीत या विषयावर ऑगस्ट १९४९ मध्ये मोठी चर्चा झाली. मसुदा समितीला एखादा अपवाद वगळता इतर कुठल्याही कलमाने एवढी डोकेदुखी दिली नव्हती, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहात सांगितले. कलमाचे कितीतरी मसुदे करून टाकून द्यावे लागले होते.

त्यांच्या मसुद्यावर कडक टीका करणाऱ्यांत विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. इथे जन्म झाला एवढ्यावर नागरिकत्व दिले, तर ते जगात सर्वांत स्वस्त होईल, असे त्यांचे म्हणणे होते. धर्माने हिंदू किंवा शीख असलेल्या आणि दुसऱ्या कुठल्या देशाचे नागरिक नसलेल्या प्रत्येकाला, तो कुठेही राहत असला तरी, भारताचे नागरिकत्व मिळावे अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. ती मान्य झाली नाही. घटनेने जन्म, आईवडील आणि वास्तव्य हे आधार धरले.

एकाच भाषेतल्या, बहुजनांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या दोन मोठ्या माणसांमधला हा मतभेद आजही संपलेला नाही. देश कोणाचा, या प्रश्नाची दोन उत्तरे त्यात समोरासमोर उभी आहेत. पुढच्या सगळ्या कायद्यांत यातले कधी एक उत्तर वर येते, कधी दुसरे.

पाच मार्ग

घटनेने सुरुवातीच्या दिवसापुरते नियम घातले आणि पुढचे काम संसदेवर सोपवले. संसदेने १९५५ मध्ये नागरिकत्व कायदा केला. त्यात नागरिक होण्याचे पाच मार्ग आहेत.

पहिला मार्ग जन्माचा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले मूल, परदेशी राजदूतांची मुले असे थोडे अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक ठरते. त्याचे आईवडील कोण, हे कायदा विचारत नाही. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक जण तरी भारतीय नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे एकाच चाळीतल्या एकाच घरात तीन भावंडे तीन वेगवेगळ्या नियमांखाली जन्मलेली असू शकतात.

दुसरा मार्ग वंशाचा. परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी जोडप्याला तिकडे मूल झाले, तर वर्षभराच्या आत त्याची नोंद भारतीय वकिलातीत करावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असेही आईवडिलांना लिहून द्यावे लागते. १० डिसेंबर १९९२ पूर्वी हा हक्क फक्त वडिलांकडून मिळे. भारतीय आईचे परदेशात जन्मलेले मूल केवळ आईच्या नात्याने भारतीय होत नसे. तो अन्याय त्या वर्षी दूर झाला.

तिसरा मार्ग नोंदणीचा. हा मुख्यतः भारताशी आधीच नाते असलेल्यांसाठी आहे. भारतीय वंशाची परदेशी व्यक्ती किंवा भारतीय नागरिकाशी लग्न केलेली व्यक्ती सात वर्षे इथे राहिल्यावर नोंदणीसाठी अर्ज करू शकते. लग्न झाले की लगेच नागरिकत्व मिळते, असा समज आपल्याकडे पुष्कळ आढळतो. तो चुकीचा आहे. भिवंडीत किंवा कोकणात सून होऊन आलेल्या परदेशी मुलीला आधी व्हिसा, मग दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि त्याचे वेळोवेळी नूतनीकरण, असे करत सात वर्षे काढावी लागतात. यातले शेवटचे बारा महिने सलग हवेत.

चौथा मार्ग देशीयकरणाचा. ज्याचे भारताशी रक्ताचे किंवा लग्नाचे नाते नाही, त्याच्यासाठी हा रस्ता आहे. अर्जाच्या लगतचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षे भारतात वास्तव्य हवे. वर्तन चांगले हवे. पुढेही भारतात राहण्याचा इरादा हवा. जुने नागरिकत्व सोडण्याची तयारी हवी. आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक तरी भाषा पुरेशी यायला हवी. या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे हिंदी किंवा इंग्रजीचा एक शब्द न येणारा, पण चांगले मराठी बोलणारा परदेशी माणूस भाषेच्या अटीत पूर्ण बसतो. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांसाठी मोठे काम केलेल्या व्यक्तीला या सगळ्या अटींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे.

पाचवा मार्ग प्रदेशाच्या विलीनीकरणाचा. नवा भूभाग भारतात आला की तिथले कोण नागरिक होतील, हे सरकार आदेश काढून ठरवते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने गोवा, दमण आणि दीव इथे २० डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेली, किंवा जिचे आईवडील अथवा आजीआजोबा तिथे जन्मले होते अशी व्यक्ती भारतीय नागरिक मानली गेली. ज्याला जुने नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याभरात तसे लेखी कळवायचे होते. मॉन्सिन्योर मोंतेरो या गोव्यातल्या धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणे पसंत केले. पुढे राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर त्यांच्यावर खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय त्यांच्या विरोधात दिला. ज्या गावात जन्म गेला, त्याच गावात परवाना काढून राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. कागदावरच्या एका पर्यायाचे वजन किती असते, ते या खटल्यात दिसते.

अर्जाचा प्रवास

परदेशी व्यक्तीने भारतीय होण्यासाठी प्रत्यक्षात काय करायचे? अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि त्याची प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. भिवंडीतल्या रहिवाशासाठी हे कार्यालय ठाण्याला. सोबत परदेशी पासपोर्ट, राहण्याचा परवाना, वास्तव्याचे पुरावे, शुल्काचे चलन लागते. देशीयकरणाच्या अर्जदाराला चारित्र्याबद्दल भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे आणि भाषा येत असल्याचे दाखले द्यावे लागतात. आपण नागरिकत्वासाठी अर्ज करत आहोत अशी जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात द्यावी लागते, म्हणजे कोणाला हरकत असेल तर ती घेता येते.

मग पोलीस आणि गुप्तचर यंत्रणांची चौकशी होते. जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल मुंबईला मंत्रालयात गृह विभागाकडे आणि तिथून दिल्लीला जातो. गृह मंत्रालयाने अर्ज तत्त्वतः मान्य केला की अर्जदाराला कळवले जाते. त्यानंतर त्याने जुने नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधीच जुने नागरिकत्व सोडले आणि नवे नाकारले गेले, तर माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही. शेवटी निष्ठेची शपथ. त्या शपथेत राज्यघटनेवर श्रद्धा ठेवण्याचे, देशाचे कायदे पाळण्याचे आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडण्याचे वचन असते. ही शपथ संविधानाला दिली जाते, कोणत्याही राजाला किंवा धर्माला नव्हे.

या वाटेने महाराष्ट्राला मिळालेली दोन माणसे फार मोलाची आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन १९६० च्या दशकात भारतात आल्या, फलटणला स्थायिक झाल्या, तिथल्या बोलीवर त्यांनी पीएचडी केली आणि १९७८ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणारी पाठ्यपुस्तके त्यांच्या हातून झाली. फलटणच्या गरीब वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. मिनिआपोलिसला जन्मलेल्या गेल ऑम्वेट सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात त्यांनी घर केले. १९८३ मध्ये त्या भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले. कायदा ज्या अटी घालतो, म्हणजे वास्तव्य, भाषा, वर्तन आणि राहण्याचा निश्चय, त्या या दोघींनी आयुष्याने पूर्ण केल्या.

बंद दार

यांतले नोंदणी आणि देशीयकरण हे दोन मार्ग वैध प्रवेश गृहीत धरतात. २००३ च्या दुरुस्तीने बेकायदा स्थलांतरिताची स्पष्ट व्याख्या केली. वैध कागदांशिवाय आलेला किंवा मुदत संपल्यावरही राहिलेला परदेशी माणूस नोंदणी करू शकत नाही आणि देशीयकरणासाठी अर्जही करू शकत नाही, मग तो इथे कितीही वर्षे राहिलेला असो.

या नियमाला २०१९ च्या दुरुस्तीने अपवाद केला. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती बेकायदा स्थलांतरित मानले जाणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी देशीयकरणाची मुदत अकरावरून पाच वर्षांवर आली. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले. त्याआधी २०१६ मध्येच केंद्राने याच समाजांच्या अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार देशातल्या काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले होते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि ठाणे हे जिल्हे त्यात होते. उल्हासनगरच्या इतिहासामुळे ठाण्याचे नाव यादीत येणे स्वाभाविक होते. छळामुळे पळून आलेल्या कुटुंबांना या दुरुस्तीने खरा आधार मिळाला. पण धर्माची अट घातल्यामुळे समानतेच्या तत्त्वाला धक्का बसतो, असे म्हणत अनेकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. माझे मत असे आहे, की जीव वाचवून आलेल्याला आसरा द्यायलाच हवा, आणि तो देताना त्याच्यावर काय गुदरले ते पाहावे. धर्म हा त्या दुःखाचा पुरावा असू शकतो. तो दाराचा उंबरठा होऊ नये.

दुसरा गोंधळ कागदांचा. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असले की माणूस नागरिक झाला, असे अनेकांना वाटते. आधार कायद्यातच लिहिले आहे, की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका जामीन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हेच सांगितले. हे कागद ओळख पटवण्यासाठी किंवा सेवा घेण्यासाठी आहेत. नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानेच ठरते. आणि प्रश्न उभा राहिला, तर आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच असते. १९४६ च्या कायद्यात ही तरतूद होती, तीच २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे.

हा भार गरिबावर सर्वांत जड पडतो. भिवंडीत यंत्रमागावर काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसे येतात. ती भारताचीच नागरिक आहेत. आपल्याकडे राज्याचे वेगळे नागरिकत्व नाही, आणि देशात कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे. तहसील कार्यालयातून मिळणारे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र नागरिकत्व देत नाही. जे आधीच आहे त्याची ते नोंद करते. पण ज्याचा जन्म गावाकडे घरी झाला, ज्याच्या नावाचे स्पेलिंग रेशनकार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे आहे, त्याला स्वतःच्या देशात स्वतःला सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांत करणे, आपल्या घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला जपणे आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखे ठेवणे, ही कामे लहान वाटली तरी पुढच्या पिढीसाठी मोठी आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी तर शाळा, पासपोर्ट, मतदार यादी अशा सगळ्या कामांत जन्मतारखेचा आधार जन्मदाखलाच आहे.

मराठी माणूस परदेशी होतो तेव्हा

आपली माणसे बाहेर जातात तेव्हा हेच प्रश्न उलट्या बाजूने समोर येतात. अमेरिकेचा कायदा १७९० पासून नागरिकत्व ‘गोऱ्या’ परदेशीयांपुरते राखून ठेवत होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई लोकांची नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ ठरत नाही असा निकाल दिला आणि आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्याची मोहीम सुरू झाली. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. अहमदाबादला जन्मलेले पंडित १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि लॉस एंजेलिसला वकिली करत होते. सरकारने त्यांच्यावरही खटला भरला. देशाने दिलेल्या शब्दावर विसंबून आपण आयुष्य उभे केले, तो शब्द आता परत घेता येणार नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. १९२६ मध्ये वरिष्ठ न्यायालयात ते जिंकले आणि भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्याचे सत्र थांबले. भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होण्याचा मार्ग मात्र १९४६ च्या कायद्यानेच मोकळा झाला.

बेने इस्रायल समाजाची गोष्ट वेगळी. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या या ज्यूंना इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने तिथे पोहोचताच नागरिकत्व मिळाले. पण तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. १९६४ पर्यंत त्यांना आंदोलन करावे लागले, तेव्हा सरकारने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असे जाहीर केले. नागरिकत्व लगेच मिळाले, बरोबरी मिळायला बारा-चौदा वर्षे गेली.

आज अमेरिकेत ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षे राहिल्यावर अर्ज करता येतो. मुलाखतीत इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा होते. कॅनडात गेल्या पाच वर्षांतले १,०९५ दिवस तिथे राहिलेले असावे लागतात. ब्रिटनमध्ये चोवीस प्रश्नांची पंचेचाळीस मिनिटांची परीक्षा असते, त्यात अठरा उत्तरे बरोबर यावी लागतात. आयर्लंडमध्ये पूर्वी तिथे जन्मलेले प्रत्येक मूल नागरिक होत असे. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचे डब्लिनला १९७९ मध्ये जन्मलेले चिरंजीव लिओ वराडकर २०१७ मध्ये त्या देशाचे पंतप्रधान झाले. २००४ च्या सार्वमतानंतर आयर्लंडने जन्माचा तो सरसकट हक्क मर्यादित केला. आखाती देशांत मात्र कोकण आणि भिवंडीतून गेलेली माणसे तीस-तीस वर्षे राबतात, तरी त्यांचे राहणे नोकरीच्या परवान्याला बांधलेले असते. नागरिकत्व त्यांच्या वाट्याला जवळपास येतच नाही.

परदेशी नागरिकत्व घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करून त्याचा दाखला घ्यावा लागतो. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगाल आजही आपले मानतो. त्या आधारावर लिस्बनचा पासपोर्ट काढणाऱ्यांना हाच नियम लागतो. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले. त्यांच्यासाठी ओसीआय कार्ड आहे. ते म्हणजे आजन्म व्हिसा. मतदानाचा, निवडणूक लढवण्याचा आणि शेतजमीन विकत घेण्याचा हक्क त्यात नाही. ज्याला परत यायचे आहे, त्याला ओसीआय होऊन पाच वर्षे झाल्यावर आणि इथे बारा महिने राहिल्यावर पुन्हा नागरिक होता येते. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते.

कायद्याकडून अपेक्षा

एवढ्या उदाहरणांतून एक कसोटी हाती येते. माणसाला पूर्ण करता येतील अशाच अटी चांगला कायदा घालतो. किती वर्षे राहिलास, भाषा शिकलास का, कायदा पाळलास का, हे विचारणे न्याय्य आहे, कारण त्याचे उत्तर माणसाच्या हाती असते. तुझी कातडी कुठली, देव कुठला, आईवडिलांकडे कोणता कागद होता, हे विचारल्यावर माणसाकडे उत्तर नसते. थिंड यांच्याकडे नव्हते, इस्रायलला गेलेल्या मराठी ज्यूंकडे नव्हते, आणि २००४ नंतर इथे जन्मलेल्या, इथल्याच शाळेत शिकणाऱ्या कितीतरी मुलांकडे नाही. देशाला सीमा राखण्याचा आणि कोणाला आत घ्यायचे ते ठरवण्याचा पूर्ण हक्क आहे. पण अटी समजतील अशा भाषेत सांगणे, अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय देणे आणि नकार दिला तर कारण कळवणे, हे त्या हक्काबरोबर येणारे कर्तव्य आहे. परदेशात आपल्या मुलांना असा न्याय मिळावा अशी आपली अपेक्षा असते. ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या परक्या माणसालाही तसाच न्याय मिळाला, तरच ती अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला आहे.